विलायती गुत्ता आणि हमीदभाईंचा रंधा

मी दारूला कधी शिवलो नाही. आमच्या घराण्यात तीन पिढ्या कुणी शिवलं नाही, असं आमचे वडील सांगत, आणि चौथ्या पिढीबद्दल मी काही बोलत नाही. तरीही आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम मी केलं ते एका दारूच्या गुत्त्याचं, हे खरं आहे आणि ते कबूल करायला मला लाज वाटत नाही.

बायकोला वाटते. मी लिहायला बसलो तेव्हा तिने विचारलं, "कशाबद्दल लिहिताय?" मी म्हटलं, "मस्कतच्या त्या पबबद्दल." ती म्हणाली, "अहो, दिवाळी अंक म्हणजे घरात चार माणसं वाचतात. सव्वीस वर्षं तिकडे होतात, दुसरं काहीच केलं नाहीत काय?"

केलं की. कपाटं केली, दारं केली, शेखलोकांच्या बैठकांच्या खोल्यांना नक्षीच्या पट्ट्या केल्या. बाहेरच्या माणसाला वाटतं, सुतार म्हणजे करवत आणि हातोडा. आखातातल्या वर्कशॉपमध्ये सुतार म्हणजे प्लायवूडची शीट मशीनवर चढवायची, कडेला पट्टी चिकटवायची आणि दुपारच्या आत ट्रक भरायचा. मी तिथे फोरमन होतो. सगळे मला मेस्त्री म्हणत. कणकवलीकडचा सुतार, वडिलांच्या हाताखाली घरांचे सांगाडे उभे केलेला, आणि तिकडे दिवसभर मोबाइलवर लॅमिनेटचे नंबर वाचून दाखवायचो.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नग. रुस्ताकचा एक दुकानदार दर वर्षी आपल्या दुकानाचा दरवाजा उतरवून गाडीतून मस्कतला आणायचा. दरवाजा घासतो, रंधा मारून द्या, म्हणायचा. तिसऱ्या वर्षी मी स्वतः जाऊन बघितलं. दरवाजा ओळंब्यात होता, भिंत खचत होती. मी तसं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "भिंत थांबेल, इन्शाल्ला. तू दरवाजा कर." चौथ्या वर्षी परत आला. असल्या माणसांवर रागवायचं कसं, मला कधी कळलं नाही.

तर गुत्ता. मस्कतच्या एका हॉटेलवाल्यांच्या डोक्यात आलं की आपल्याकडे इंग्लंडच्या खेड्यातला पब हवा. तसे नकली पब आखातात पुष्कळ आहेत. पोकळ फळ्यांना काळा रंग मारायचा, भिंतीवर पितळेच्या वस्तू टांगायच्या, झालं. पण यांना खरा हवा होता. तिकडच्या एका खेड्यात रस्ता रुंद करताना जुना पब पाडला होता, त्याचा लाकडी सांगाडा एका जुन्या मालाच्या व्यापाऱ्याने उतरवून ठेवला होता. हॉटेलवाल्यांनी त्यातले पुढच्या दालनाचे दोन खण विकत घेतले. उभारायचं काम आमच्या अर्बाबने, म्हणजे वर्कशॉपच्या ओमानी मालकाने, अंगावर घेतलं. त्याने मला विचारलं, "मेस्त्री, होगा?" मी म्हटलं, "होगा." काय होणार आहे ते मला काडीचं माहीत नव्हतं.

कंटेनर उघडला आणि माझं तोंड उतरलं. साठेक तुकडे. काळे, तेलकट, धुरकटलेले, कुठे चुन्याचे पोपडे, कुठे तीनतीन रंगांचे थर. एकही तुळई सरळ नाही. माझ्या मनात पहिला शब्द आला तो सरपण.

पुढची गोष्ट कळण्यासाठी हमीदभाई माहीत हवेत. हमीदभाई रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे, माझ्याहून सात वर्षांनी मोठे. त्यांच्या घरात पूर्वापार होड्या बांधायचा धंदा. तो बसला तेव्हा ते मस्कतला आले. मशीनवर त्यांचं मन रमत नसे. हाताच्या रंध्याचं काम निघालं की सगळे त्यांच्याकडे बघायचे, कारण त्यांचा रंधा फिरला की लाकडावर पाणी सांडल्यासारखी चकाकी यायची. बोलणं कमी. सांगितलं तेवढंच करायचे, पण सांगितलं ते पुरं करायचे. पबचं काम म्हटल्यावर मी त्यांना आडून विचारलं, चालेल ना? ते म्हणाले, "आपण लाकडाला हात लावतो मेस्त्री, बाटलीला नाही."

सांगाड्याच्या मागोमाग इंग्लंडहून एक म्हातारा सुतार येणार होता. जोडणीचा नकाशा त्याच्याच पिशवीत होता. तो यायला चार दिवस होते. आता आपल्याकडची रीत काय? पाहुणा यायचा असला की अंगण सारवून ठेवायचं. लांबून माणूस येतोय, त्याच्याच गावचं लाकूड त्याला असं घाणेरडं दिसायला नको, असं मला मनापासून वाटलं. मी हमीदभाईंना म्हटलं, "साहेब यायच्या आधी सगळ्यावर जरा हात फिरवून ठेवा."

त्यांनी विचारलं होतं. हे मला लिहायलाच हवं. "नुसतं पुसू की रंधा मारू?" असं त्यांनी विचारलं होतं, आणि मी फोनवर बोलता बोलता म्हटलं, "मारा रंधा."

चार दिवस हमीदभाई आणि त्यांच्या हाताखालचे दोघे वाकून होते. जुनं ओकचं लाकूड, दगडासारखं. रंध्याच्या पात्याला तासातासाला धार लावावी लागे. दर्शनी बाजूवरून सूतभर लाकूड निघालं आणि आतून मधाच्या रंगाचं अंग वर आलं. रेषा अशा की बघत राहावं. आम्ही सगळे तुकडे मांडणीवर ओळीने लावून ठेवले. मी फोटो काढून बायकोलाही पाठवला.

टॉमसाहेब आले. सत्तरीचे, उंच, हाताची बोटं सुताराचीच, एका बोटाचं पेर गेलेलं. मी हसत पुढे झालो. ते मांडणीपर्यंत गेले आणि थांबले. एका तुळईवर तळहात ठेवला, शेवटापर्यंत फिरवला. मग दुसरीवर. मग मला विचारलं, "आकडे कुठे आहेत?"

मी विचारलं, "कसले आकडे?"

त्यांनी पिशवीतून नकाशा काढला. प्रत्येक जोडाशेजारी उभ्याआडव्या रेघा काढलेल्या. एक रेघ, दोन रेघा, फुली, फुली आणि रेघ. त्यांनी मला समजावलं. ते घर ज्या सुताराने बांधलं त्याने सगळा सांगाडा आधी आपल्या अंगणात जमिनीवर आडवा घातला. लाकूड ओलं, वाकडंतिकडं, मोजपट्टीने कापून चालायचं नाही. म्हणून प्रत्येक जोड त्या दोन तुकड्यांचा एकमेकांशीच बसवायचा, तिसऱ्याशी बसणार नाही असा. मग प्रत्येक जोडावर पटाशीने नंबर ठोकायचे, सगळं सोडवायचं, बैलगाडीतून गावात न्यायचं आणि नंबर बघून उभं करायचं. तीनशे वर्षांनी उतरवणाऱ्यांनी वेगळ्या चिठ्ठ्या लावल्याच नाहीत. गरजच नव्हती. लाकडावर लिहिलेलंच होतं.

आम्ही ते रंध्याने काढून टाकलं होतं.

लाजेची गोष्ट पुढेच आहे. हे सगळं मला माहीत होतं. आमचे वडील अगदी हेच करत. खण जमिनीवर जुळवायचे, खांबावर आणि तुळईवर पटाशीने रेघा मारायच्या, मग जागेवर नेऊन चढवायचे. लहानपणी त्या रेघा मी स्वतः मारल्या आहेत. आणि कंटेनर उतरवताना त्या काळ्या लाकडावर मला रेघा दिसल्याही होत्या. मला वाटलं, फोर्कलिफ्टच्या दात्यांनी ओरखडे पडले असतील. सुताराच्या पोराला सुताराची अक्षरं वाचता आली नाहीत, एवढं प्लायवूड माझ्या डोळ्यांत गेलं होतं.

संध्याकाळी अर्बाब आला. टॉमसाहेबांनी त्याला शांतपणे सगळं सांगितलं. वर्कशॉपभर माणसं उभी होती. अर्बाब तसा मनाने मोठा, पण चिडला की त्याचा आवाज उलट खाली जातो. त्याने हळूच विचारलं, "किसने किया?"

मी फोरमन. मी पहिलं पाऊल टाकायला हवं होतं. माझ्या जिभेवर वाक्य आलं होतं. तेवढ्यात मला वाटलं, आधी तो शांत होऊ दे, मग सांगू. असल्या वेळी माणसाला जे जे सुचतं ते सगळं मला त्या चार सेकंदांत सुचलं.

हमीदभाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "मैंने किया, अर्बाब. रंधा मेरा था."

अर्बाब म्हणाला, "खलास. ये काम होने के बाद हमीद घर जाएगा." हमीदभाईंच्या व्हिसाचं नूतनीकरण त्याच महिन्यात होतं, कागद अर्बाबच्या टेबलावर पडून होते. त्यांची धाकटी मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. हे मला माहीत होतं, वर्कशॉपमधल्या सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे मागच्या अंगणात उतरलो. टॉमसाहेब, हमीदभाई आणि मी. उन्हाला आड कापड बांधलं आणि साठ तुकडे जमिनीवर पसरले. टॉमसाहेब म्हणाले, "नंबर गेले, पण जोड आहेत. त्याने काय विचार केला ते आता लाकडालाच विचारू."

मग अकरा दिवस आम्ही एका मेलेल्या सुताराच्या डोक्यात शिरायचा प्रयत्न करत होतो, आणि मला सांगायला हवं की त्या अकरा दिवसांइतका आनंद मला कामात परत कधी मिळाला नाही. मनात काटा होता तरीही मिळाला.

काय माणूस होता तो. लाकडाच्या टोकाला जी जीभ ठेवतात तिला आम्ही कुसू म्हणतो, ती दुसऱ्या लाकडाच्या भोकात शिरते. त्याच्या प्रत्येक कुसवाचा खांदा वेगळा. समोरचा खांब जिथे फुगीर तिथे खांदा तेवढाच खोल तासलेला. खांबाला आलेली गाठही त्याने खांद्यात उतरवली होती. टॉमसाहेबांनी चौथ्या दिवशी असा एक जोड बसवून दाखवला. तुळई सरकली, मध्येच थांबली, लाकडी हातोड्याचा एक ठोका, आणि फट इतकी मिटली की कागद जाईना. तीनशे वर्षांनी, दुसऱ्या खंडात, एवढ्या उन्हाळ्यात. मी उठून लांब जाऊन पाणी प्यायलो.

खिळा एकही नाही, सगळ्या लाकडी खुंट्या. खुंटीची भोकं मी मुद्दाम तपासली तर खांबातलं भोक आणि कुसवातलं भोक एका रेषेत नाहीत, थोडं इकडेतिकडे. मला वाटलं, गडी चुकला. टॉमसाहेब हसले. भोक मुद्दाम सरकवलेलं असतं, म्हणजे खुंटी ठोकताना ती जोडाला आत ओढते आणि लाकूड वाळत जाईल तसा जोड घट्ट होत जातो. चूक त्याची नव्हती, माझीच समज अपुरी होती. त्या दिवसांत हे मला वरचेवर कळत होतं.

आणि वाकडी लाकडं. मला ते सरपण वाटलं होतं ना? त्याने वाकडं लाकूड निवडून घेतलं होतं. वरच्या मजल्याच्या तुळया त्याने पोक वर करून ठेवल्या होत्या, म्हणजे भार आला की त्या सरळ व्हायला बघतील. ते दालन बुटकं का, तर आग पेटवली की ऊब खाली राहावी. शेकोटीवरची तुळई सगळ्यात जाड, आणि तिचा खालचा कोपरा गोल घासलेला. रंध्याने नव्हे. गावातली माणसं पाठीमागे हात नेऊन तिला टेकून उभी राहत, टॉमसाहेब सांगत होते. तेही तरुणपणी राहिले होते. त्यांचं गाव शेजारचंच. पब म्हणजे तिकडे नुसता गुत्ता नाही, पेरणीपासून लग्नापर्यंत सगळं तिथे ठरतं, असं ते म्हणाले तेव्हा मला आमच्या देवळाचा सभामंडप आठवला. हे बायकोला सांगितलं नाही.

सातव्या दिवशी आम्ही अडलो. खांब आणि तुळई यांच्या काखेत तिरपे, वाकलेले टेकू बसतात. असे बारा टेकू. सगळ्यांची कुसवं जवळजवळ सारखी, कुठलाही कुठेही अर्धवट शिरत होता. टॉमसाहेब नकाशा घेऊन बसले, मी मोजपट्टी घेऊन बसलो. हमीदभाईंनी नमाज पढून येऊन टेकू उचलले आणि जोड्या लावायला सुरुवात केली. माझा विश्वास बसेना. त्यांनी दोन टेकू पुस्तकाच्या पानांसारखे उघडून शेजारी ठेवले. एकावरची रेषा जशी डावीकडे वळली तशी दुसऱ्यावरची उजवीकडे.

"होडीच्या बरगड्या अशाच करतात," ते म्हणाले. "एक वाकडी फांदी बघायची, मधोमध चिरायची. एक अर्धं डाव्या अंगाला, एक उजव्या. दोन्हीकडे सारखा जोर येतो. तुमच्या विलायतेच्या मेस्त्रीने तेच केलंय."

टॉमसाहेब गुडघ्यावर बसले आणि बोटाने रेषा बघत राहिले. बारा टेकूंच्या सहा जोड्या लागल्या. प्रत्येक जोडी समोरासमोरच्या खांबांना. मग ते मला म्हणाले, आणि हे त्यांचंच म्हणणं, की काजळीखाली या रेषा कधीच दिसल्या नसत्या. रंधा मारला म्हणून दिसल्या. हमीदभाईंना इंग्रजी कळत नव्हतं. मी ते वाक्य त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "असू दे."

त्या क्षणी तरी मी बोलायला हवं होतं. त्या शुक्रवारी मस्कतमधल्या दार्सैत भागातल्या कृष्णमंदिरात गेलो, तिथेही ठरवलं की उद्या सांगायचं. उद्या आला, तुळया चढवायच्या होत्या, सांगितलं नाही.

बाराव्या दिवशी हॉटेलच्या दालनात दोन खण उभे राहिले. शेवटची खुंटी टॉमसाहेबांनी हमीदभाईंच्या हातून ठोकून घेतली. अर्बाब आला, त्या बुटक्या तुळयांखाली वाकून आत शिरला आणि बराच वेळ वर बघत राहिला. मग त्याने हमीदभाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "हमीद ने बिगाडा, हमीद ने बनाया. माफ. हमीद इधर ही रहेगा." कागदांवर दुसऱ्या दिवशी सही झाली.

सगळे खूश झाले. मीही खूश झालो, आणि माझ्या खुशीतला मोठा वाटा हा होता की आता मला काही सांगायची गरज उरली नाही.

पण अर्बाबला गोष्ट सांगायला आवडते. कुणी गिऱ्हाईक आलं की तो हमीदभाईंना बोलावतो आणि म्हणतो, हा बघा, याने इंग्रजांचं तीनशे वर्षांचं लिखाण रंध्याने पुसलं. गिऱ्हाईक हसतं. हमीदभाईही मान हलवतात. मी निवृत्त होईपर्यंत दोन वर्षं ही गोष्ट ऐकली, दर वेळी काहीतरी काम काढून आतल्या खोलीत गेलो. हमीदभाईंनी मला एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. निरोपाच्या दिवशी मला त्यांनी स्वतःच्या हाताने केलेला एक छोटा रंधा दिला. तो घेताना मला त्यांच्याकडे बघवलं नाही. त्यांना वाटलं असेल, मस्कत सोडायचं दुःख आहे.

म्हणून ठरवलं की हे लिहून टाकायचं. लिहून झाल्यावर मी हमीदभाईंना दार्सैतच्या खोलीवर फोन केला आणि त्यांच्याविषयी जे जे लिहिलं ते सगळं वाचून दाखवलं. "मारा रंधा" हे मी म्हटलेलंही वाचलं. संपल्यावर मी विचारलं, "छापायला देऊ ना?"

"चांगलं लिहिलंत मेस्त्री," ते म्हणाले. "टेकूंचं अगदी बरोबर लिहिलंत. पण अर्बाबला मराठी कुठे येतं?"

फोन ठेवल्यावर मी ओटीवर बसून राहिलो. बायकोने जेवायला हाक मारली, गेलो नाही. सकाळी वर्कशॉप उघडायच्या वेळी, ओमानच्या आठला, अर्बाबला फोन लावला. तब्येत, मुलं, पाऊस, सगळं त्याने विचारलं. मग मी सांगितलं. रंधा हमीदचा होता पण हुकूम माझा होता, त्याने मला विचारलं होतं, आणि तू विचारलंस तेव्हा मी तिथेच उभा होतो.

पलीकडे मशीन चालू होतं. मग अर्बाब खालच्या आवाजात म्हणाला, "मुझे मत बोल. मैंने सौ आदमी को बोला है. रुक, मैं स्पीकर पे डालता हूँ, तू सबको बोल." त्याने कुणाला तरी ओरडून मशीन बंद करायला सांगितलं. हमीदला पुढे बोलवा, असंही सांगितलेलं मला ऐकू आलं. पावलं वाजली, माणसं जमल्याचा आवाज झाला, मग सगळं शांत झालं.

मी पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.